कोंबडेवाल्या थाळ्या आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी काठवट आहे. पीठ मळायची नव्हे, जेवायची. फणसाच्या एकाच ओंडक्यातून कोरलेली, रुंद, उथळ, बसक्या पायाची. माए पोकी नावाच्या आमच्या डोंगरी गावात, खांबांवर उभ्या असलेल्या बांबूच्या घरात माझं आयुष्य गेलं. आता मी जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही म्हणाल, ही काठवट भारी जळकी आहे. म्हणा खुशाल! फळीवरच्या त्या सहा थाळ्यांनी माझ्या नाकावर टिच्चून जे काही केलं, ते तुमच्या वाट्याला आलं असतं म्हणजे कळलं असतं.

मला सोवा आजोबांनी घडवलं. त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न ठरलं होतं. आम्ही करेन, डोंगरातली जमात; आमच्यात जावई सासरी राहायला येतो. आजोबा म्हणाले, "खाणारं तोंड वाढतंय, आता जुन्या ताटात भागायचं नाही." त्यांनी वाकसाने मला तासलं, पटाशीने कोरलं, ओढ्याच्या वाळूने घासघासून गुळगुळीत केलं आणि वरून डुकराची चरबी चोळली. लग्नानंतरच्या पहिल्या जेवणाला माझ्यात वाफाळता भात ओतला गेला आणि मधोमध खळगा करून त्यात मिरचीचा ठेचा. सगळे भोवती मांडी घालून बसले. नवा जावई तोले इतका लाजरा की आपल्या बाजूचाच भात बोटांनी चिवडत राहिला. आजोबांनी आपल्या बाजूचा सुका मासा उचलून त्याच्यापुढे टाकला आणि म्हणाले, "खा रे, नाहीतर माझी लेक म्हणेल बाप चिंगूस आहे." तेव्हापासून तोले घरचा झाला. त्या मानात माझाही वाटा होता असं मी समजते.

मग लापॉ जन्मली. आमच्याकडे पहिलं मूल झालं की आईबापांची नावं मागे पडतात. आजोबांची लेक त्या दिवसापासून साऱ्या गावाला 'लापॉची आई' झाली आणि तोले 'लापॉचे बाबा'. लापॉ माझा काठ धरून उभी राहायला शिकली. दात आले तेव्हा माझा काठही चावून पाहिला, त्याच्या खुणा आहेत अजून. जेवताना ज्याची त्याची बाजू ठरलेली असे, पण ही बया साऱ्यांच्या बाजूला हात घालायची. आई तिच्या हातावर चापट मारायची. "आपल्या पुढचं खा! आजोबांचं काय संपवतेस?" आजोबा हसायचे आणि आपल्या बाजूचा बांबूचा कोंब हळूच तिच्याकडे सरकवायचे. सांडलेली शितं जमिनीच्या फटींतून खाली पडायची आणि खालच्या कोंबड्या ती टिपायच्या. एकाच ताटात सगळ्यांची बोटं! माझ्यासारखी भाग्यवान दुसरी कोण होती सांगा.

पाहुणे तेव्हाही यायचे. पलीकडच्या गावचा सोयरा, मिठाचा व्यापारी, वाट चुकलेला कुणी. आमच्याकडची रीत अशी की आधी पाहुण्याने जेवायचं आणि घरच्यांनी मागून. पण तो पाहुणाही माझ्यातच जेवायचा. म्हणून मला कधी कुणाचा हेवा वाटला नाही. हेवा करायला दुसरं होतं तरी कोण?

ते दिवस फिरले. तालुक्याहून एक साहेब आला आणि गावकऱ्यांना म्हणाला, "लांबलांबून लोक तुमची भातशेती बघायला येतील, धबधबे बघतील. त्यांना तुमच्या घरात ठेवून घ्या, तुमचंच जेवण द्या." आजोबा त्याआधीच वारले होते. सगळ्यात पुढे होऊन हो म्हणाली ती आमची लापॉची आई. हौशी बाई! साहेबाने सांगितलं, पाहुण्यांना एकेक वेगळी थाळी हवी, चमचा हवा. मग लापॉचे बाबा खालच्या बाजारात गेले आणि पाठीवरच्या टोपलीत पेंढा घालून सहा थाळ्या घेऊन आले. चिनी मातीच्या, पांढऱ्याशुभ्र, प्रत्येकीवर एक लाल कोंबडा काढलेला, वर शेपटीचा केवढा तोरा!

काय त्यांचं कौतुक! नव्या नवरीला उतरवून घ्यावं तशी एकेक थाळी आईने पदरात घेतली. आणि त्यांना पहिली आंघोळ कुठे घातली माहीत आहे? माझ्यात! माझ्यात पाणी ओतून त्या कोंबडेवालींना बुचकळून काढलं, फडक्याने टिपलं आणि उंच फळीवर नेऊन बसवलं. मला तशीच ओली, चुलीमागे भिंतीला टेकवून ठेवली. सवती आणल्या हो घरात, एकदम सहा सवती!

पहिले पाहुणे आले तेव्हा आईने त्यांना थाळीत वाढलं. शेजारी ठेचा वाढला, रोजच्यासारखाच. पाहुण्याने चमचाभर ठेचा तोंडात घातला आणि त्याचं तोंड कोंबड्याहून लाल झालं. तो उठला, खोकला, अंगणात पळाला, रांजणात तोंड घालून पाणी प्याला. आई घाबरून गेली. "मरतो की काय हा आता?" मी चुलीमागे मनात म्हटलं, बरं झालं, घ्या थाळीतलं जेवण! पण त्या दिवसापासून आईने पाहुण्यांसाठी ठेचा बंद केला. त्यांना भात, भोपळ्याची भाजी आणि आतून मऊ, बाहेरून खरपूस असं अंड्याचं धिरडं. ते अंडं इतकं नावाजलं की दुसऱ्या घरी उतरलेले पाहुणेही आमच्याकडे वास घेत यायचे. शेजारची चीमूची आई नाक मुरडून म्हणायची, "काय बाई, तुमच्या कोंबड्या सोन्याची अंडी घालतात वाटतं!"

पाहुणे त्या थाळ्यांचे फोटो काढायचे. "किती सुंदर कोंबडा!" म्हणायचे. माझा फोटो एकदाच निघाला, तोही कसा? एका बाईने अंगणात मला पाहिलं, पाणी भरून घेतलं आणि माझ्यात पाय बुडवून बसली. दिवसभर डोंगर चढून तिचे पाय सुजले होते म्हणे. तिच्या नवऱ्याने फोटो काढला. लापॉची आई हसून हसून जमिनीवर बसली, डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. मला मात्र रडू आलं असतं, येत असतं तर. आणखी एकाला मी इतकी आवडले की त्याला मला घरी नेऊन भिंतीवर टांगायचं होतं. लापॉचे बाबा शांतपणे म्हणाले, "मग आम्ही जेवायचं कशात?" त्या एका वाक्यावर मी किती दिवस काढले!

पण खरं पाहता ते माझ्यात जेवत तरी कुठे होते? लापॉ शाळेसाठी खाली वसतिगृहात गेली आणि पुढे शहरात हॉटेलात कामाला लागली. बाबा भल्या सकाळी केळीच्या पानात भात बांधून शेतावर जायचे. आई पाहुण्यांना वाढून झालं की पातेल्यातलं उरलंसुरलं वाडग्यात घेऊन चुलीपाशी उभ्या उभ्याच खायची. दोन माणसांसाठी एवढी मोठी काठवट कोण काढणार? मग मला ओसरीवर ठेवून माझ्यात मिरच्या वाळत घालायला लागले. थाळ्या घरात मिरवायच्या आणि मी बाहेर उन्हात. लाकडाला भेग पडली तरी कुणी चरबीचं बोट लावलं नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मनगटाला दोरा बांधायचा सण तोंडावर आला. नव्या वर्षाच्या या सणाला घरची सगळी माणसं घरी लागतात. लापॉ कितीतरी वर्षांनी येणार होती. आई आदल्या दिवसापासून गावभर सांगत सुटली होती. चीमूच्या आईने ओसरीखालून हाक मारली, "काय गं लापॉच्या आई, तुझी शहरातली राणी येणार म्हणे! आमच्या कुडाच्या घरात झोप येईल का तिला?"

"न येऊन सांगते कुणाला?" आई म्हणाली. "नवी चटई काढलीये. सगळं पाहुण्यांना करते तसं, अगदी पहिल्या दर्जाचं करणार आहे!"

ते ऐकून मला हसावं की रडावं कळेना. पण आई आनंदात होती, म्हणून मी काही मनावर घेतलं नाही.

दुपारी लापॉ आली. हातात एक मोठी बॅग. आई ओढ्यावर गेली होती. बाबा ओसरीखाली बांबू चिरत बसले होते. लापॉ त्यांच्यापाशी जाऊन बसली. मी वर ओसरीवर मिरच्यांखाली होते, म्हणून सगळं ऐकू आलं.

"बाबा, मी हॉटेल सोडून आलेय."

बांबू चिरण्याचा आवाज थांबला. "कायमची?"

"हो. दिवसभर लोकांच्या गाद्या झटकायच्या, चादरी ताणायच्या आणि संध्याकाळी खोलीत एकटीने डब्यातलं खायचं. नकोसं झालंय मला. इथंच राहते मी. शेत करते, आईला मदत करते."

"आईला सांगितलंस?"

"कसं सांगू? माझी लेक शहरात आहे म्हणून ती केवढ्या तोऱ्यात असते! जेवताना सांगते. सगळे भोवती बसलो की बोलता येईल मला. तुम्ही आधी काही बोलू नका हं."

मित्रांनो, जेवताना! सगळे भोवती बसून! म्हणजे माझ्याच भोवती की! माझा जीव नुसता उतावीळ झाला. आता मिरच्या ओततील, मला धुतील, आत नेतील.

संध्याकाळ झाली, भाताचा वास सुटला. आई ओसरीवर डोकावली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही आणि आत जाऊन फळीवरून कोंबडेवाली थाळी काढली. फडक्याने पुसली. लापॉला नव्या चटईवर बसवलं आणि थाळी तिच्यापुढे ठेवली. भात, भोपळा, अंडं. बाजूला चमचा.

"बस बाळ. आधी तू जेव."

"आणि तुम्ही?"

"आम्ही काय, मागून."

लापॉने थाळीत बघितलं. "ठेचा?"

"तुला आता सोसायचा नाही तो. शहरात राहिलीस ना इतकी वर्षं!"

दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. लापॉने चमचा उचलला. माझ्या पोटात असं काही दुखायला लागलं की विचारू नका. हीसुद्धा? माझा काठ चावलेली पोरगी, हीसुद्धा सवतींकडे गेली? खा म्हटलं, खा, चमच्याने खा! तिने थोडासा भात खाल्ला आणि थाळी बाजूला सारली. जे सांगायचं होतं ते सांगितलंच नाही. नुसतं म्हणाली, "छान होतं. थँक्यू, आई."

आमच्या घरात जेवणाबद्दल कुणी कुणाला कधी असं म्हटलं नव्हतं. ते पाहुणे म्हणतात. लापॉ थाळी घेऊन घासायला निघाली, तशी आई झटकन पुढे झाली.

"ठेव ती इकडे. पाहुण्यांनी भांडी घासायची नसतात."

लापॉ जागच्या जागी थांबली. "काय म्हणालीस?"

"अगं, सवयीने गं! रोज तेच बोलते ना, तोंडातून गेलं."

"गेलं ते बरं झालं," लापॉ म्हणाली. "उद्या दोरा बांधला की निघते मी. पाहुणे एका रात्रीचेच असतात ना आपल्याकडे?"

आणि ती आतल्या खोलीत गेली. खरं सांगू? मला आनंद झाला. थाळ्यांचं बरं तोंड काळं झालं! पण मग आई चुलीपाशी बसली आणि जाळ नीट पेटलेला असताना उगाचच फुंकर मारत राहिली. डोळे पुसताना म्हणाली, "धूर फार झालाय." बाबा शेजारी बसले तसं तिने हळू आवाजात विचारलं, "पोरगी पोटभर जेवलीसुद्धा नाही. अंडं कच्चं राहिलं का हो?"

"अंड्याचं काही नाही."

"मग काय चुकलं माझं? घरात जे चांगलं होतं ते सगळं काढलं तिच्यासाठी."

"तेच," बाबा म्हणाले. आणखी काही बोलले नाहीत, कारण लापॉने आधी काही बोलू नका म्हणून सांगितलं होतं. आईला काही उलगडा झाला नाही. माझा आनंद मात्र तिथेच आटला. पोरगी गेली तर थाळ्या काय आणि मी काय, या घरात दोघंच उभ्याने खात राहणार.

सकाळी एक उंच जोडपं मुक्कामाला आलं, गावचा सण बघायला. आईने त्यांना नव्या चटईवर बसवलं आणि मग लापॉच्या मनगटाला दोरा बांधायला घेतला. आमच्याकडे असा समज आहे की माणूस लांब गेलं की त्याचा जीव वाटेत कुठेतरी रेंगाळतो, त्याला हाका मारून परत आणावं लागतं. आई दोरा गुंडाळत म्हणत होती, "ये, लापॉच्या जिवा, ये. ओढ्यावरून ये, रानातून ये, मोठ्या रस्त्यावरून ये. शहरात थांबू नकोस, घरी ये, आपल्या चुलीपाशी ये." 'घरी ये' म्हणताना गाठ काही नीट बसेना, तिने ती दोनदा सोडून बांधली. लापॉ तिच्या तोंडाकडे बघत राहिली. बॅग दाराशीच होती, कालपासून उघडलेलीसुद्धा नव्हती. खाली जाणारी गाडी आता कधीही आली असती.

गाठ बसली आणि आई पाहुण्यांच्या थाळ्या काढायला फळीकडे वळली. लापॉ सरळ ओसरीवर आली. तिने माझ्यातल्या मिरच्या चटईवर ओतल्या, मला रांजणापाशी नेऊन खसाखसा धुतलं, आत आणलं आणि चुलीवरचं पातेलं उचलून सगळाच्या सगळा भात माझ्यात उपडा केला, कडेने भोपळ्याची भाजी वाढली. मग उखळात मूठभर मिरच्या आणि मीठ घालून ठेचायला लागली. तो आवाज ऐकून आई धावत आली. दोन्ही हातांत थाळ्या.

"हे काय चाललंय?"

"जेवायला बसा. बाबा, या!"

"अगं, पाहुणे बसलेत बाहेर! आधी त्यांचं. भात कुठाय?" आईने पातेल्यात बघितलं, मग माझ्यात बघितलं. "सगळा ओतलास? सगळा?"

"सगळा."

"डोकं फिरलंय का तुझं, कार्टे? त्यांना आता काय वाढू, चुलीतली राख? इतकी मोठी घोडी झाली तरी अक्कल म्हणून नाही! आपल्या ताटात ओतून ठेवला सगळा भात!"

"शिव्या देतेस?"

"देणारच! देऊ नको तर काय आरती ओवाळू?"

"पाहुण्यांना शिव्या देत नाहीत, आई," लापॉ म्हणाली, आणि तिला हुंदका फुटला. "मी काम सोडून आलेय. मला परत जायचं नाहीये. इथंच राहायचंय. ठेवून घेशील?"

आईच्या हातांतल्या थाळ्या एका बाजूला कलल्या. पडतात की काय, असं मला वाटलं. वाईट वाटलं असतं असं काही मी म्हणणार नाही. तिने त्या खाली ठेवल्या आणि माझ्यासमोर मटकन बसली. "ठेवून घेशील, हे विचारतेस मला?" एवढंच म्हणाली. मग तिने भाताचा घास केला, ठेच्यात बुडवला, तोंडात घातला आणि लगेच तोंड वाकडं केलं. "मिरची अशी वाटतात? नुसती भरड! कुणी शिकवलं तुला?"

"तूच," लापॉ डोळे पुसत म्हणाली.

बाबा येऊन आपल्या बाजूला बसले. लापॉने हात लांब करून त्यांच्या पुढचा भोपळा पळवला. आईने तिच्या हातावर चापट मारली. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, तसे बाबा उठून ओसरीवर गेले आणि ओरडले, "जा तू! आमच्याकडून कुणी येत नाहीये!" परत येताना त्यांनी पाहुण्यांना खुणेने सांगितलं की भात शिजायचाय, बसा जरा. आमच्या घरात पाहुणा मागून जेवला तो त्या एका दिवशी. तो उंच माणूस दारातून डोकावला, आम्हाला असं भोवती बसलेलं पाहून हसला आणि माझ्यात हात घालायला पुढे सरसावला. माझं लाकूड ताठ झालं! पण आईच म्हणाली, "थांबा हो, तुमचं वेगळं आणते." जग जिंकल्यासारखं वाटलं मला!

हात चाटून पुसत आई उठली आणि लापॉला म्हणाली, "बसलीस काय? ऊठ, डुकरांना घालून ये. तुझ्या नादात कालपासून उपाशी आहेत बिचारी." लापॉ उठली आणि पळत खाली गेली. बॅग त्या दिवशी तिने दुपारी उघडली.

त्याला आता बरेच दिवस झाले. माझ्या भेगेत लापॉने लाख भरली, चरबी चोळली. मिरच्यांना वेगळं सूप आहे. थाळ्या अजून फळीवर आहेत, अजून त्यांचे फोटो निघतात आणि अजून मी मनातल्या मनात जळते. सुधारले असं काही मी म्हणणार नाही.

पण मित्रांनो, या जळकीचं एवढं ऐका. पाहुण्याला घरातली सगळ्यात सुंदर थाळी काढून द्या, त्याला आधी वाढा, ठेचा बेताने द्या. चुलीमागे पडलेल्या माझ्यासारखीलाही अधूनमधून धुवा, पुसा, तेलाचं बोट लावा. आणि तुमचं स्वतःचं माणूस खूप दिवसांनी घरी आलं, तर त्याला एकट्याला आधी जेवायला बसवू नका. त्याच्या शेजारी बसा. त्याच्या पुढ्यातलं थोडं पळवा, वाटलं तर चार शब्द रागावूनही बोला. कारण बॅग उघडण्याआधी ते माणूस एवढंच बघत असतं, की घरचे आपल्याला कुठे बसवतात.